सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग पोट दुखतंय कशानं?

आत आल्यावर त्यानं नमस्कार केला नाही, बसू का असंही विचारलं नाही. "मॅडम, टॉयलेट कुठंय?" हा त्याचा पहिला प्रश्न. मी हात करून दाखवलं. तो आत गेला नाही. नुसतं दार बघून आला आणि तीन खुर्च्या रिकाम्या असताना दाराला लागून असलेल्या खुर्चीत टेकला. त्याचं निम्मं दुखणं त्या अर्ध्या मिनिटात माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण मला ते कळायला तीन आठवडे लागले.

वय २४. नऊ महिने पोट दुखत होतं. बरोबर आई, आणि आईच्या मांडीवर फाइल, तारखेप्रमाणे लावलेली. रक्ततपासणी दोनदा, लघवी, सोनोग्राफी दोन वेगवेगळ्या ठिकाणी, एंडोस्कोपी एकदा. सगळं नॉर्मल. शेवटच्या कागदावर डॉक्टरांनी 'समुपदेशन घ्यावे' असं लिहिलं होतं, आणि त्या दोन शब्दांवरून घरात दोन दिवस अबोला होता.

"सगळं नॉर्मल म्हणतात, मग हा रात्री कळवळतो ते काय नाटक करतो?" आईनं विचारलं.

"म्हणजे मला वेड लागलंय, असंच ना?" तो जमिनीकडे बघत म्हणाला.

हे दोन प्रश्न घेऊन येणारी तरुण मुलंमुली आणि त्यांचे आईवडील मला इतके भेटतात, की ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून ही एक हकिगत लिहून काढावी असं वाटलं.

लोकांना वाटतं, समुपदेशक पहिल्याच दिवशी घरातलं, मनातलं विचारणार. मी पोटाचंच विचारते. कुठं दुखतं, किती वेळ, जेवल्यावर वाढतं का, शौचाला जाऊन आल्यावर कमी होतं का, झोपेतून उठवतं का. शौचातून रक्त, रेंगाळणारा ताप, वारंवार उलट्या, गिळायला त्रास, अंगातलं रक्त कमी झालेलं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग किंवा आतड्यांना सूज येण्याचा आजार; यातलं काही आहे का. त्याची सगळी उत्तरं 'नाही' होती. वजन? "तेवढंच असेल."

मग कुठं दुखतं ते दाखवायला तो उभा राहिला. बेंबीच्या खाली, जरा डावीकडे हात ठेवला. माझं लक्ष पट्ट्याकडे गेलं. कारखान्यात पाडलेल्या गोल भोकांच्या पुढे एक वेडंवाकडं भोक होतं, खिळ्यानं पाडल्यासारखं.

"हे कधी पाडलंस?"

"असेल दीडेक महिना."

सहा महिन्यांपूर्वीच्या एंडोस्कोपीच्या कागदावर वजन ६४ किलो होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं काट्यावर उभं राहून कळवलं, ५९. सहा महिन्यांत, प्रयत्न न करता, वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त घट झाली तर ती मनाच्या खात्यावर टाकता येत नाही. मी सत्र सुरूच केलं नाही. चिठ्ठी लिहिली आणि त्याला पोटविकारतज्ज्ञांकडे परत पाठवलं. आई रागावली. "त्यांनी तुमच्याकडे पाठवलं, तुम्ही त्यांच्याकडे!" राग रास्त होता.

पण ही सावधगिरी मला फुकटात आलेली नाही. काही वर्षांपूर्वी २२ वर्षांची एक मुलगी आली होती. परीक्षेचा अभ्यास, पोटात कळा, सोनोग्राफी नॉर्मल. मी सरळ ताणाला हात घातला. पाच सत्रं आम्ही परीक्षेबद्दल बोललो. सहाव्या वेळी तिनं दुखण्याच्या तारखा मोबाइलमधल्या कॅलेंडरवर दाखवल्या आणि मला घाम फुटला. प्रत्येक वेळी पाळीच्या दोन-तीन दिवस आधी सुरुवात. "हे आधी का नाही सांगितलंस?" असं मी विचारलं, आणि विचारतानाच कळलं की सांगायचं तिनं नव्हतं, विचारायचं मी होतं. ती म्हणाली, "पाळीत तर सगळ्यांचंच दुखतं ना?" स्त्रीरोगतज्ज्ञांकडे निदान झालं: एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात, दर पाळीला तिथंही सूज येते, दुखतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातल्या साधारण १० टक्के मुली-स्त्रियांना हा आजार असतो, आणि साध्या सोनोग्राफीत तो पुष्कळदा दिसत नाही. तिचे पाच आठवडे माझ्यामुळे गेले.

'ताणामुळे आहे' हे उत्तर फार सोयीचं असतं. जठराच्या अल्सरचं खापर वर्षानुवर्षं काळजी आणि तिखटावर फुटत होतं. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू असतो असं म्हटलं, तेव्हा विश्वास बसेना. मार्शलनी १९८४ साली तो जिवाणू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. नोबेल मिळायला २००५ उजाडलं. आज त्या अल्सरवर प्रतिजैविकं देतात. डोकेदुखीच्या, सांधेदुखीच्या वेदनाशामक गोळ्या मनानंच घेत राहिल्यानंही अल्सर होतो. तरुणांना हे विचारल्याशिवाय आठवत नाही. दूध न पचणं, गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा सिलिअ‍ॅक, आतड्यांना सूज आणणारा क्रोन्स, पित्ताशयातले खडे, मूतखडा, आणि नुसती जुनाट बद्धकोष्ठता, ही यादी डॉक्टरांनी एकदा नीट तपासून झालेली असली पाहिजे.

आणि काही दुखण्यांत माझ्याकडे यायचंच नाही. बेंबीपाशी सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकलेली कळ (अपेंडिक्स), पोट लाकडासारखं कडक होणं, डांबरासारखी काळी शौच, पाळी चुकलेली असताना एका बाजूला दुखून चक्कर येणं. मुलग्यांमध्ये वृषणाला पीळ पडला तर दुखतं ओटीपोटात, आणि मुलगा लाजून तेवढंच सांगतो. तिथं हाताशी थोडेच तास असतात. त्याच दिवशी, त्याच वेळी दवाखाना.

आपला मुलगा दोन आठवड्यांनी परत आला. डॉक्टरांनी सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी केली होती, शौचातलं कॅलप्रोटेक्टिन तपासलं होतं. आतड्यांना सूज असली तर ते वाढतं. वाढलेलं नव्हतं. त्याला झोपवून, दुखऱ्या जागी बोट दाबून, मान उचलायला लावली होती. "याचं काय लॉजिक?" त्यानं मला विचारलं. पोटाचे स्नायू ताठ केल्यावरही तितकंच किंवा जास्त दुखलं तर दुखणं आतड्यात नसून पोटाच्या भिंतीत, तिथल्या अडकलेल्या नसेत असू शकतं. कार्नेट नावाच्या डॉक्टरनं १९२६ साली सांगितलेली ही चाचणी, पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही. त्याचं दुखणं मान उचलल्यावर कमी झालं होतं. म्हणजे आतलंच.

निदान आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, चिडक्या आतड्याचा त्रास. 'बाकी काही सापडलं नाही म्हणून हे' असं नव्हे, त्याला स्वतःचे निकष आहेत. पोटविकारतज्ज्ञ वापरतात त्या २०१६ च्या रोम निकषांप्रमाणे, गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोटदुखी, आणि दुखण्याचा शौचाशी संबंध, शौचाला किती वेळा जावं लागतं ते बदलणं, शौचाचं स्वरूप बदलणं, यांपैकी दोन गोष्टी. सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची. त्याला सगळं लागू होतं. वजनाचं कोडं मात्र डॉक्टरांनी माझ्याकडे टोलवलं: "खातो किती ते बघा."

मी त्याला कागद दिला. रकाने चारच: वेळ, काय खाल्लं, दुखणं दहापैकी किती, त्याआधी कुठं निघाला होता. आठवडाभरानं कागद आला तेव्हा सकाळचा 'खाल्लं'चा रकाना सातपैकी पाच दिवस रिकामा होता. दुपारी दोन बिस्किटं. रात्री साडेआठनंतर एकदम पोटभर. सुटीच्या दोन दिवशी मात्र सकाळी खाणं होतं आणि दुखणं दोन-तीनच्या वर नव्हतं.

"कामाच्या दिवशी का नाही खात?"

बराच वेळ गप्प. मग निघालं. नोकरी लागायच्या आधी त्याला जुलाब-उलट्यांचा जोरदार त्रास झाला होता, चार दिवस. बरा झाला, कामावर रुजू झाला, आणि पहिल्याच आठवड्यात बसमध्ये, गर्दीत, अशी कळ आली की त्याला मध्येच उतरून अनोळखी दुकानदाराच्या हातापाया पडावं लागलं. वेळेवर पोचला की नाही, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या दिवसापासून सकाळी पोट रिकामं. वाटेवरचं प्रत्येक टॉयलेट पाठ. नवीन जागी गेल्यावर पहिला प्रश्न कोणता, ते तुम्ही वर वाचलंच आहे.

आतड्याच्या संसर्गानंतर काही जणांत आयबीएस मागे राहतो. जंतू गेलेले असतात, नसा चिडक्या राहतात. संशोधकांनी गुदाशयात छोटा फुगा फुगवून पाहिलं तेव्हा, इतरांना नुसतं भरल्यासारखं वाटतं तेवढ्याच फुग्यानं आयबीएसच्या पुष्कळ रुग्णांना कळ येते असं दिसलं. हे सांगितल्यावर तोच म्हणाला, "म्हणजे पोतं तेवढंच आहे, काटा बिघडलाय." मी ही उपमा त्यानंतर दहा जणांना तरी दिली असेल. सोनोग्राफी पोतं बघते, सूज, खडा, गाठ आहे का ते. काटा तिच्यात दिसत नाही.

आणि काटा भीतीनं आणखी बिघडतो, हे काही आजचं ज्ञान नाही. १८२२ साली अमेरिकेत एका तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो जगला, पण जठराला भोक राहिलं. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरनं त्यातून वर्षानुवर्षं आत डोकावून पाहिलं आणि १८३३ साली पुस्तक छापलं. माणूस चिडला की पचन बिघडतं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. (त्या बिचाऱ्या तरुणाला हे डोकावणं किती आवडत होतं हा वेगळा विषय. तो मधूनमधून निघून जायचा.) "पोटात गोळा येतो असं म्हणतोस तेव्हा तुला वेड लागलेलं असतं का?" मी विचारलं. पहिल्यांदा हसला.

उपाशी राहण्याचा त्याचा उपायच त्याला महाग पडत होता. जेवण पोटात पडलं की मोठं आतडं आकुंचन पावू लागतं, सगळ्यांचंच. दिवसभर रिकामं ठेवून रात्री एकदम भरलं की ते आकुंचनही जोरात आणि दुखणंही. म्हणून सकाळी थोडं, दुपारी थोडं. आधी सुटीच्या दिवशी खाऊन बसनं एक थांबा, मग तीन, मग कामाच्या दिवशी. तिसऱ्या पायरीवर तो दोनदा माघारी आला. श्वासाचा व्यायाम, पोटावर हात ठेवून लांब उच्छ्वास, त्याला मुळीच आवडला नाही. "झोप येते." येऊ दे म्हटलं, रात्री कर.

डॉक्टरांनी अ‍ॅमिट्रिप्टिलीन अगदी कमी मात्रेत दिलं होतं, ते पाकीट ड्रॉवरमध्येच होतं. "नेटवर बघितलं, डिप्रेशनची गोळी आहे." आहेच. पण या मात्रेत ती आतड्याकडून मेंदूकडे जाणारा वेदनेचा आवाज कमी करायला देतात. २०२३ साली इंग्लंडमधल्या ४६३ आयबीएस रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी, खोट्या गोळीपेक्षा हिचा गुण चांगला होता. गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांशी बोलून ठरव, एवढंच मी म्हटलं. घेतली.

सगळ्यात अवघड काम आईचं होतं. रोज सकाळी बाथरूमच्या दाराबाहेरून, "झालं का साफ? आज कसंय?" काळजीपोटीच. पण झोपेतून उठल्यावर पोटाकडे लक्ष नसलेले जे पहिले दहा मिनिटं त्याला मिळाले असते, ते या प्रश्नात जायचे. "दोन आठवडे पोटाचं विचारायचं नाही," मी सांगितलं. त्यांचे डोळे भरले. "मग मी आई कसली?" दुसरं काहीही विचारा म्हटलं. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला, दुसरं काय विचारायचं ते सुचत नाही म्हणून. नऊ महिन्यांत त्या दोघांमध्ये पोटाशिवाय विषयच उरला नव्हता.

तीन महिन्यांनंतरच्या कागदावर आठवड्याला पाचाऐवजी एखाद-दुसरा दिवस दुखण्याचा. वजन ६२. "मुळापासून जाईल ना?" त्यानं विचारलं. तसं वचन मी देऊ शकत नाही, दिलंही नाही. शेवटच्या भेटीला तो उशिरा आला.

"बसमध्ये दुखलं."

"मग?"

"उतरलो नाही. दोन थांब्यांनंतर कमी झालं."

तासाभरानं उठला, दारापर्यंत गेला आणि वळला. "मॅडम, टॉयलेट..." मी बघतच राहिले. "नाही, खरंच लागलीय," तो म्हणाला, आणि या वेळी आत गेला.