घर घेताना : भिंतीचे तडे, गच्चीची ओल, हौदाचं पाणी

प्रश्न : परभणीत वसमत रोडच्या बाजूला बारा वर्षांचं बैठं घर बघितलं. रंग ताजा आहे, पण दोन खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघालेले तिरपे तडे भरून घेतल्याचं दिसतं. मालक म्हणतात, काळ्या मातीत सगळ्याच घरांना तडे जातात. घ्यावं का? – एक वाचक, परभणी

उत्तर : मालकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया तिच्यावरच टेकवला असेल तर घर दरसाल थोडं वरखाली होतं. पण सगळं घर सारखं हललं तर भिंतीला फारसं काही होत नाही. एक कोपरा हलतो, बाकीचे जागेवर राहतात, तेव्हा भिंत फाटते. म्हणून तडा दिसला की त्या बाजूची माती वेगळी का वागते, हे शोधायचं.

आधी तडा कोणता ते ओळखा. गिलाव्यावरचं केसासारखं जाळं निरुपद्रवी असतं. कॉलम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावर सरळ उभी रेघ असेल, तर तिथे गिलाव्याखाली जाळी मारलेली नाही, एवढाच अर्थ. स्लॅबखालची आडवी रेघ बहुधा उन्हाने स्लॅब ताणल्याची असते. तुमच्या घरातला तिरपा तडा मात्र पायाकडे बोट दाखवतो. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून विटांच्या सांध्यांतून पायरी-पायरीने गेलेला, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला बारीक असेल, तर घराची एक बाजू खचली किंवा उचलली गेली आहे. भिंतीच्या दुसऱ्या बाजूलाही त्याच जागी तो दिसतो का, ते आवर्जून बघा. एटीएम कार्ड साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतं. ते तड्यात आरपार सरकलं तर गिलाव्यापुरती गोष्ट राहिली नाही. पाच मिलिमीटरच्या पुढे गेलेला तडा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका.

ताज्या रंगाखालचं बघायला दिवसा टॉर्च लागते. ती भिंतीला चिकटवून तिरपा उजेड टाका, भरलेला तडा फुगवट्यासारखा उठून दिसतो. मग दारं उघडझाप करा. दाराच्या वरच्या कडेला रंधा मारलेला असेल, एका बाजूची फट बोटभर आणि दुसरीकडे दार घासत असेल, तर चौकट पिळली आहे. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. अर्ध्या इंचाहून जास्त फरक रंगाने झाकता येत नाही. फरशीचा उतार बघायचा तर गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी पुरते. चारही कोपऱ्यांत एकाच पातळीवर खूण करा आणि तिथून फरशीपर्यंतचं अंतर मोजा.

आता बाहेरून फेरी मारा. तड्याच्या बाजूला काय आहे? न्हाणीचं फुटकं आउटलेट, गळका हौद, भिंतीलगतचा शोषखड्डा, गच्चीचं पाणी थेट पायाशी सोडणारा पाइप, यांपैकी काही असेल तर त्या कोपऱ्याची माती बारमाही ओली राहते आणि फुगते. उलट भिंतीजवळ मोठा लिंब किंवा पिंपळ असेल तर मुळं पाणी ओढतात आणि माती आकसते. जोत्याभोवती दोन-तीन फुटांचा सिमेंटचा पट्टा आहे का, आणि तो घरापासून सुटून मधे फट पडली आहे का, हेही बघा.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मालकांना नाही, शेजाऱ्यांना विचारा : इथे मुरूम, म्हणजे काळ्या मातीखालचा न फुगणारा घट्ट थर, किती फुटांवर लागतो? शेजारी नवं खोदकाम चालू असेल तर स्वतः खड्ड्यात डोकावा. काळी माती दहा फूट आणि घराचा पाया चार फुटांवर, असा हिशोब निघाला तर ते घर कायम हलत राहणार. अशा जमिनीत किमान साडेतीन मीटर खोल, तळाशी कंदासारखे फुगवलेले पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब, घालतात. जुन्या बैठ्या घरांत ते क्वचितच असतात.

सौदा घाईचा नसेल तर मालकांच्या परवानगीने तड्यावर आडवी काचेची बारीक पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, तारीख लिहा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे. तडे मे महिन्यात सर्वात रुंद असतात. दिवाळीत घर बघून निश्चिंत होऊ नका. गळक्या पाइपासारखं कारण सापडलं आणि तडा बारीक असेल, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून कापून घर घेता येईल. आरपार तडा आणि मातीवरच टेकलेला पाया, असं दोन्ही असेल तर सोडून द्या.

प्रश्न : घराच्या हॉलला नवीन पीओपी आहे, गच्चीवर नवा कोबा. हे चांगलं लक्षण ना? – वाचक, नांदेड

उत्तर : चौकशीचं लक्षण आहे. पीओपीमागचं दिसत नाही, म्हणून जिथे पीओपी नसतं तिथे स्लॅबची खालची बाजू बघा : लॉफ्टच्या आत, जिन्याच्या वर, न्हाणीत. तपकिरी ओघळ म्हणजे आतल्या सळया गंजल्या आहेत. काठीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर कवच सुटलं आहे आणि पापुद्रे पडणारच.

गच्चीवर कोब्याची, म्हणजे स्लॅब गळू नये म्हणून वर घातलेल्या थराची, जाडी पाणी जाण्याच्या भोकापाशी कळते. जुना न उखडता त्यावर नवा थर घालण्याची सवय घातक आहे. 600 चौरस फुटांवर चार इंचाचा थर म्हणजे दहा-बारा टन जादा वजन, आणि गंजलेल्या स्लॅबला तेच नको असतं. हॉलच्या भिंतींना तीन फुटांपर्यंत नव्या टाइल्स किंवा पीव्हीसी पॅनेल असतील तर खालून चढणारी ओल झाकली असावी. टाइलच्या वरच्या कडेशी फुटलेला पांढरा खार शोधा.

प्रश्न : लातूरच्या घराला बोअर आणि हौद दोन्ही आहेत. पाण्याची खात्री कशी करायची? – वाचक, लातूर

उत्तर : 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या शहरात हा प्रश्न घराच्या किमतीइतकाच मोठा आहे. बोअर सलग तासभर चालवा. सुरुवातीला 20 लिटरची बादली किती सेकंदांत भरते आणि तासाने किती, हे घड्याळ लावून बघा. वेळ दुप्पट झाली किंवा मधेच हवा यायला लागली तर पाणी साठ्याचं आहे, झऱ्याचं नाही. शक्य तर एप्रिल-मेमध्ये बघा.

हौदाची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची फुटांत गुणून 28 ने गुणा, लिटर मिळतात. 6 × 5 × 5 फुटांचा हौद सुमारे 4200 लिटरचा. पाच माणसांना रोज प्रत्येकी शंभर लिटर धरले तर तो आठ दिवस पुरतो. नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते शेजारच्या दोन घरांत विचारून ताडा. मग हौद भरा, खूण करा, झाकण लावून 24 तास हात लावू नका. याच हौदात अर्धा इंच पातळी उतरली तर रोज 35 लिटर पाणी पायाखालच्या मातीत जातं आहे.

प्रश्न : संभाजीनगरात गुंठेवारीतलं घर स्वस्तात मिळतंय. मालकांकडे बाँडवरचा करार आणि घरपट्टीची पावती आहे. – वाचक

उत्तर : गुंठेवारी म्हणजे शेतजमिनीचे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेले प्लॉट. या दोन कागदांनी मालकी येत नाही. नोंदणीकृत खरेदीखत हवं, गुंठेवारी नियमित केल्याचं महापालिकेचं प्रमाणपत्र हवं. 2001 च्या गुंठेवारी कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनुसार 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामंच नियमित होऊ शकतात. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात इनाम, वक्फ किंवा कुळाची नोंद आहे का, ते वकिलाकडून तपासून घ्या. मराठवाड्यात ही अडचण वारंवार येते. जागेवर गेल्यावर एक गोष्ट डोळ्यांनी बघा : सिमेंट रस्ता झाल्यावर घराची फरशी रस्त्याच्या खाली गेली आहे का. उंबऱ्यातून आत उतरावं लागत असेल तर पावसाचं आणि गटाराचं पाणीही त्याच वाटेने येईल, आणि जोतं उचलण्याचा खर्च तुमच्या स्वस्ताईत बसणार नाही.