ग्रीनलँड भारतापेक्षा मोठं आहे का?

प्रश्न: मुलगी सातवीत आहे. भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलँड भारतापेक्षा लई मोठं दिसतंय, पुस्तकात क्षेत्रफळ मात्र कमी दिलंय. खरं काय धरायचं? (एक वाचक, परभणी)

उत्तर: ताई, पुस्तकच खरं. भारत जवळपास ३३ लाख चौरस किलोमीटर, ग्रीनलँड साधारण २२ लाखच. घरात जालन्याची मोसंबी असेल तर लेकीसमोर सोला, साल ताटात दाबून सपाट करायला गेलं की कडेनं फाटतेच, अन् फाटू द्यायची नसेल तर कुठंतरी ताणावीच लागेल, पृथ्वीचंही तसंच. मर्केटर नावाच्या नकाशाकारानं १५६९ मध्ये केलेल्या नकाशात (तुमच्या भिंतीवरचा बहुधा तसलाच) कोन बरोबर राहावेत म्हणून ध्रुवांकडचा भाग ताणलाय, ६० अंश अक्षांशावर लांबी दुप्पट अन् क्षेत्रफळ चौपट होतं, आपला मराठवाडा विषुववृत्ताच्या बराच जवळ म्हणून इथं फरक थोडाच. जहाजवाल्यांना तो फार कामाचा, कंपासची एकच दिशा धरून जायचं तर नकाशावर सरळ रेघ मारायची, बस्स. पण शाळेत तो एकटाच लावणं मला अजिबात पटत नाही, लेकरांच्या डोक्यात आफ्रिका ग्रीनलँडएवढीच बसते, अन् ती आहे जवळपास १४ पट! शेजारी समक्षेत्र नकाशा लावा, त्यात देशांचे आकार ओढल्यासारखे दिसतील पण क्षेत्रफळ बरोबर असतं.