वैज्ञानिक वारशावरची चांदीची नाणी: सोलापुरात राहून संग्रह कसा करावा?

तुम्ही विचारलंय की अशी नाणी घ्यायची कुठून, आणि सराफ त्यांना निम्मी चांदी म्हणून का मोडीत काढतो?

सराफाचं बरोबर आहे. होमी भाभा जन्मशताब्दीच्या (2008-2009) 100 रुपयांच्या नाण्यासारखी जुनी नाणी चौधातूची असतात: चांदी 50 टक्के, तांबं 40, निकेल 5, जस्त 5. वजन 35 ग्रॅम, म्हणजे चांदी फक्त साडेसतरा ग्रॅम. अलीकडची काही 99.9 टक्के चांदीची आहेत. बाकी किंमत असते ती संग्राहकासाठी, ती सराफ बाजारात मिळणार नाही.

नवी नाणी सरकारी टांकसाळीच्या संकेतस्थळावर बुकिंग करून घरपोच येतात. जुन्यांसाठी विक्रेता गाठावा लागतो. पेढीवर रॉकेट कोरलेली चांदीची 'नाणी' मिळतात, पण सिंहमुद्रा आणि रुपयातलं मूल्य नसेल तर ते पदक समजा. प्रूफ म्हणजे आरशासारखी चमक दिलेलं नाणं; त्याचा आरसा बोट लागताच डागाळतो, म्हणून सुरुवात अनसर्क्युलेटेडपासून, म्हणजे साध्या चकाकीच्या, न वापरलेल्या नाण्यापासून केलेली बरी.

चौधातूचं सुटं नाणं घेताना 44 मिमी व्यास, 35 ग्रॅम वजन तपासा. शंका असेल तर काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याने नाणं पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. चौधातूच्या नाण्याला साधारण 3.7 ग्रॅम दिसायला हवेत; फार फरक दिसला तर धातू वेगळा. प्रूफवर हा प्रयोग करू नका, पाण्याचे डाग राहतात.

खरा घोटाळा साठवणुकीत होतो. मऊ, वास येणारी पीव्हीसी (एक प्रकारचं प्लास्टिक) पाकिटं सोलापूरच्या मे महिन्यात, त्यात पत्र्याखालच्या खोलीत, लवकर पाझरतात आणि नाण्यावर हिरवट चिकटा येतो. नाणं काचेच्या वाटीत शुद्ध अॅसिटोनमध्ये पाच-दहा मिनिटं ठेवलं की तो सुटतो; जवळ गॅस पेटलेला नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल-सुगंध असतो. नाणं कडेने उचलून आपोआप वाळू द्या, पुसू नका.

काळेपणा मात्र गंधकाचा असतो. रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र, हलका पुठ्ठा यांच्यातून तो येतो. 44 मिमीची अॅक्रिलिक कॅप्सूल आणि डब्यात सिलिका जेलची पुडी एवढं पुरतं. पावसाळ्यानंतर पुडी बदला. चिंच, लिंबू, टूथपेस्ट यांनी घासलेलं नाणं चकचकीत दिसतं खरं, पण ओरखडे जन्मभर राहतात आणि संग्राहक ते हातात घेताच खाली ठेवतो.