पायपोस, पायपुसणं आणि खरवडणी

ठाण्याहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या घोडबंदर रस्त्याकडच्या एका रो-हाउसमध्ये राहतात. मुलगा फुटबॉल खेळतो आणि जून लागला की अर्धं मैदान बुटांच्या तळाला घेऊन घरी येतो. म्हणून त्यांनी दाराबाहेर एक लोखंडी वस्तू बसवून घेतली. दोन ठेंगण्या खुंट्या, मधे आडवी पातळ पट्टी, दोन्ही बाजूंना राठ ब्रश. पट्टीवर बुटाचा तळ ओढला की चिखल निघतो. दुकानदार तिला 'स्क्रेपर' म्हणाला, बसवणारा मिस्त्री 'घासायची जाळी' म्हणाला, आणि सासूबाई 'लोखंडी पायपुसणं' म्हणतात. ताईंचे प्रश्न दोन : या वस्तूला मराठी शब्द कोणता, आणि तिला 'पायपोस' म्हटलं तर चालेल का?

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण त्यात एका जुन्या, देखण्या शब्दावर अन्याय होतो आहे.

पायपोस म्हणजे पायपुसणं नाही. पायपोस म्हणजे जोडा, वहाण. शब्द फारसीतून आपल्याकडे आला. 'पा' म्हणजे पाय आणि 'पोश' म्हणजे झाकणारं, घालायचं. पाय झाकतो तो पापोश, आणि मराठीच्या तोंडी बसलेला तो पायपोस. हाच 'पोश' आपल्या पोशाखात आहे, पलंगावर अंथरायच्या पलंगपोसात आहे, ताटावर झाकायच्या सरपोसात आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यातही पायपोस म्हणजे जोडाच. इकडे आपल्याकडे आला तसा हा पापोश अरबीच्या वाटेने तिकडे फ्रान्सलाही पोचला. टाचेशी उघड्या असणाऱ्या मऊ सपातांना फ्रेंच लोक 'बाबूश' म्हणतात, तो हाच शब्द.

कोशाची साक्ष नको असेल, तर आपल्या रोजच्या बोलण्यात याहून पक्की साक्ष आहे. 'कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही' असं आपण म्हणतो. श्रावणी सोमवारी कौपिनेश्वराच्या देवळाबाहेर उभं राहून पाहा. दर्शन घेऊन माणसं बाहेर येतात आणि चपलांच्या ढिगात एका पायाने चाचपत राहतात. एकाची वहाण दुसऱ्याच्या पायात गेलेली असते. त्या गोंधळातून ही म्हण आली आहे. पायपोस म्हणजे दारातलं पुसणं असं धरलं, तर म्हणीला अर्थच उरत नाही. पुसणं पायाखाली असतं, पायात कधी जात नाही.

मग घोळ कुठे झाला? माझ्या समजुतीप्रमाणे तो कानाने केला. 'पोस' आणि 'पुस' इतके जवळ आहेत की पाय आणि पोस एकत्र ऐकल्यावर मराठी मन आपोआप 'पाय पुसायचं' असा अर्थ लावतं. त्यातच जोडा या अर्थी पायपोस बोलण्यातून मागे पडला आणि फक्त म्हणीत राहिला. घर रिकामं दिसलं, दुसरा अर्थ येऊन राहू लागला. जांभळी नाक्याच्या बाजारात काथ्याची पायपुसणी विकणाऱ्याच्या तोंडून मी 'पायपोस घ्या, पायपोस' ऐकलं आहे, आणि गिऱ्हाइकाला ते खटकलंही नाही. शब्दांचं असं होतं, हे मला मान्य आहे. तरी लिहिताना मी पायपोस जोड्यासाठीच राखून ठेवीन, कारण त्याच्यावाचून ती म्हण मरते.

'पायदान' हाही शब्द काहीजण सुचवतील. हिंदीत दारातल्या पुसण्याला पायदान म्हणतात. पण ठाणे स्टेशनात उभं राहणाऱ्या कोणालाही पायदान म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. गाडीच्या दाराशी पाय ठेवायची पायरी ती. फलाट आणि पायदान यांच्यातल्या अंतराची घोषणा रोज कानावर पडते. गुजराती शेजाऱ्यांचा 'पगलूछणियुं' मात्र थेट आपल्या पायपुसण्याचा भाऊ आहे. पग म्हणजे पाय, लूछवुं म्हणजे पुसणं.

आता मूळ वस्तू. तिला तयार मराठी शब्द नाही, आणि त्याचं कारण मला आपल्या पायांत सापडतं.

युरोपातल्या शहरांत अठराव्या-एकोणिसाव्या शतकात रस्त्यांवर चिखल असे आणि घोड्यांची लीद असे. माणसं बूट घालून घरात शिरत, दिवाणखान्यातही बूट पायातच. म्हणून दाराशी, पायरीच्या बाजूला, ओतीव किंवा घडीव लोखंडाची पट्टी बसवू लागले. रस्ते पक्के झाले, घोडे गेले, तशी तिची गरज संपली, पण जुन्या घरांच्या दाराशी ती अजून उभी दिसते. ब्रसेल्समध्ये तर भिंतीतच छोटा कोनाडा करून त्यात ही पट्टी बसवलेली असते. तिथे फ्रेंच आणि डच दोन्ही भाषा चालतात. फ्रेंच माणूस तिला 'देक्रोत्वार' म्हणतो. 'क्रोत' म्हणजे रस्त्यावरची राड, लीद, ती काढणारं ते देक्रोत्वार. डच माणूस त्याच वस्तूला 'फुटस्ख्रापर' म्हणतो, म्हणजे पाय खरवडणारं. एकाच कोनाड्याकडे बघून एकाला चिखल दिसला, दुसऱ्याला पाय दिसला. इंग्रजांना बूट दिसला, ते 'बूट-स्क्रेपर' म्हणतात.

आपल्याकडे चिखल काही कमी नव्हता. ठाण्यात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि खाडीकाठचा गाळ येऊरच्या डोंगरावरच्या मातीपेक्षा कितीतरी चिवट. पण तो चिखल बुटाला नव्हता, पायाला होता. घणसोली, दिवाळे, करावे या गावांतली माणसं भातशेतीत, खाडीत अनवाणी उतरत. घरी आलं की दाराशी दगडावर उभं राहायचं, तांब्याने पाय धुवायचे, मग आत. वहाण असलीच तर ती बाहेरच राही. चिखल काढायचं आपलं साधन पाणी होतं, लोखंड नव्हतं. म्हणून या भागातल्या चिखलाने भाषेला दिलेले शब्द वेगळे आहेत. आवणाआधी, म्हणजे भाताची रोपं लावण्याआधी, शेत चिखलाचं करतात ती चिखलणी. आणि दिवसदिवस त्या चिखलात उभं राहून पायाच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी कुजते त्या चिखल्या. ज्यांना त्या झाल्या, त्यांना हा शब्द ऐकूनही खाज आठवते.

बूट आले, घरं बदलली, आणि वस्तू आता नावासाठी आपल्या दाराशी उभी आहे.

गेल्या पावसाळ्यात वाघबीळच्या बाजूला एका बांधकामाच्या फाटकाशी मी तिचंच एक गावठी रूप पाहिलं. काँक्रीटच्या ठोकळ्यात लोखंडी अँगलचा तुकडा रोवलेला, धार वर. एक गवंडी गमबुटात आला, टाच पट्टीच्या पलीकडे ठेवली आणि पाय सावकाश मागे ओढला. तळाचा चिखल एका वडीसारखा सोलून खाली पडला. त्या वडीवर गमबुटाची सगळी नक्षी उलटी उमटली होती. मग दुसरा पाय. मी विचारलं, "दादा, याला काय म्हणता?" तो म्हणाला, "ह्याला? चिखल काढायचं." आणि आत गेला.

मला त्याचं उत्तर अजिबात तोकडं वाटलं नाही. मराठी घरात नवी वस्तू आली की पहिलं नाव असंच पडतं. 'ते डास मारायचं कुठे ठेवलंय?' 'केस वाळवायचं बंद कर.' 'बाटली धुवायचं आण.' क्रियापदाला 'आयचं' लावलं की काम भागतं. वस्तू घरात रुळली की त्याच क्रियापदाला 'णं' किंवा 'णी' लागतं आणि नाव पक्कं होतं. लाटायचं ते लाटणं, उलथायचं ते उलथणं, गाळायची ती गाळणी, चाळायची ती चाळणी. अवयव पुढे जोडला की दातकोरणं, कानकोरणं, पायपुसणं. आपल्या वस्तूचं नावही याच वाटेवर आहे, तिला एक पाऊल पुढे न्यायचं आहे.

त्यासाठी क्रियापद नेमकं हवं. मिस्त्री 'घासायची' म्हणाला. पण घासण्यात दोन पृष्ठभाग एकमेकांवर फिरतात, आणि चिखल पसरूही शकतो. पुसणं हे ओलाव्याचं, पातळ थराचं काम. ओला चिखल पायपुसण्यावर पुसला, तर पुढच्याच्या पायाला तो परत लागतो. पावसाळ्यात लिफ्टसमोर अंथरलेलं गोणपाट दुपारपर्यंत काय होतं ते सोसायटीत राहणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. खरडणं वरवरचं; शिवाय चिठ्ठी खरडतात, आणि माणसाची खरडपट्टी काढतात. शब्दाच्या घडणीकडे पाहिलं तर खरडणारी पट्टी हे आपल्या वस्तूचं हुबेहूब वर्णन आहे, पण तो शब्द बोलणी खाण्यासाठी कायमचा गेला. 'चिखलपट्टी' करावी, तर घरपट्टी-पाणीपट्टीच्या रांगेत जाऊन बसते आणि कर वाटते.

उरतं ते खरवडणं. घट्ट धरून बसलेलं काहीतरी धारेने सुटं करणं, म्हणजे खरवडणं. आमच्याकडे दुधाच्या पातेल्याच्या बुडाला लागलेली खरवड आजी शिंपल्याने काढायची. चमच्याने ती निघत नसे, कारण चमच्याला धार नाही. शिंपल्याची कड पातेल्याच्या गोलाईला बरोबर बसे आणि खरवडीची तांबूस गुंडाळी होऊन वर येई, ती आम्हा भावंडांच्या तळहातावर. वाघबीळच्या त्या गवंड्याच्या बुटातून निघालेली वडी पाहताना मला तेच आठवलं होतं. चिकटलेलं, धार, आणि सलग सुटून येणं. क्रिया तीच आहे.

आता 'खरवडणं' की 'खरवडणी'? इथे माझा कौल 'णी'कडे आहे, आणि तो खवणीमुळे. विळीच्या टोकाच्या खवणीवर नारळ खवताना खवणी जागची हलत नाही, हातातली वाटी फिरते. किसणीवरही आपण काकडी फिरवतो. लाटणं, उलथणं, कोरणं यांत मात्र हत्यारच हलतं. आपली पट्टी जमिनीत घट्ट, बूट तिच्यावर फिरतो, म्हणून ती खवणी-किसणीची बहीण. हा नियम नाही. लेखणी हलते आणि पायपुसणं जागेवर असतं. 'णी' लागून पेरणी, कापणी अशी कामांची नावंही होतात. पण कानाला जे जुळतं ते जुळतं. शिवाय 'खरवडणं' हे क्रियापदाचंच रूप असल्यामुळे 'खरवडणं बाहेर आहे' या वाक्यात क्षणभर अडखळायला होतं, 'खरवडणी बाहेर आहे' यात होत नाही.

तेव्हा माझं उत्तर : खरवडणी. दुकानाच्या पाटीवर, जिथे वस्तू समोर नाही तिथे, बूटखरवडणी. 'पायखरवडणी' मी टाळीन. आपल्याकडे पाय खरवडला म्हटलं की कातडी गेली असंच ऐकणाऱ्याला वाटेल. 'पंक', 'पादत्राण', 'मार्जक' असे तुकडे जोडून कोणी शब्द बनवून दिला, तर तोही घेऊ नका. हा शब्द तुम्हाला संध्याकाळी सात वाजता, हातात पोळीचं पीठ असताना, दारातल्या मुलाला ओरडून सांगायचा आहे : "आधी खरवडणी, मग पायपुसणं, मग आत!" हे तो दुसऱ्यांदा न सांगता समजेल. अनेकवचन खरवडण्या, आणि बूट 'खरवडणीवर ओढ' म्हणा, 'घास' नको.

सासूबाईंच्या 'लोखंडी पायपुसण्या'बद्दल तुम्ही थोड्या संकोचाने लिहिलं आहे, त्याची गरज नाही. त्यांनी नवी वस्तू पाहिली, ती दारात कोणाच्या शेजारी बसणार हे ओळखलं, आणि ओळखीच्या शब्दामागे एक विशेषण लावलं. त्यांना तेच म्हणू द्या, आणि त्यांच्या माहेरी दाराशी पाय धुवायच्या दगडाला काय म्हणत, ते विचारून मला जरूर कळवा.