नव्या गाडीची स्क्रीन रिव्हर्स घेताना काळी पडते. शोरूम म्हणतं सॉफ्टवेअर, कंपनी म्हणते तुमचा मोबाइल. दोष कुणाचा धरायचा?

तुमच्यापुरता दोष कंपनीचा. स्क्रीन कुणी बनवली, आतलं सॉफ्टवेअर कुणी लिहिलं, ते कंपनीनं आपल्या पुरवठादाराशी भांडून ठरवावं. तुमची पावती अख्ख्या गाडीची आहे. पण बिघाड कुठं आहे ते आधी पकडा, नाहीतर हायवेवरच्या वर्कशॉपला नुसत्या फेऱ्या.

मोबाइलची केबल काढा, ब्लूटूथ बंद करा, रिव्हर्स टाका. तरी काळंच? मग मोबाइल सुटला. आता स्क्रीन नीट बघा. पिवळ्या-लाल रेषा दिसतात, फक्त मागचं चित्र नाही? कंपनी फिटेड गाडीत त्या रेषा बहुधा स्क्रीनचं युनिटच काढतं, म्हणजे ते जिवंत आहे. कॅमेरा आणि डिकीतली वायर तपासायला सांगा. कोल्हापूरच्या पावसात कपलरमध्ये, म्हणजे वायरच्या जोडात, ओल धरते. रेषाही नाहीत, गाणं चालू आहे आणि बोटाला दाद नाही, तर युनिट हँग. फक्त सकाळच्या पहिल्या स्टार्टलाच होत असेल तर बॅटरी मोजा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.२ च्या खाली असेल तर सेल मारताना व्होल्टेज पडून युनिट रीस्टार्ट होऊ शकतं. तिथं सॉफ्टवेअरला शिव्या देण्यात अर्थ नाही.

‘अपडेट आलं की जाईल’ हे एकदा ऐकून घ्या, दुसऱ्यांदा नाही. टेस्लाच्या जुन्या मॉडेल एस आणि एक्समध्ये ८ जीबीची मेमरी चिप सतत लिहून लिहून झिजली. स्क्रीन गेली, तिच्याबरोबर रिव्हर्स कॅमेराही. २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. म्हणून अपडेटनंतरही तेच झालं तर युनिट बदलूनच मागा.

जॉब कार्डवर ‘स्क्रीन चेक’ एवढंच लिहू देऊ नका. रिव्हर्स टाकल्यावर किती सेकंद काळी राहते, सॉफ्टवेअर व्हर्जन, किलोमीटर, सगळं लिहून घ्या आणि व्हिडिओ मेल करा. डेकोरवाल्यानं डॅशकॅमसाठी वायर कापली असेल तर कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवणार, हेही धरून चाला.

तरीही टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार, नाहीतर थेट जिल्हा ग्राहक आयोग. डीलर आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा. एकालाच केलं तर तो दुसऱ्यावर ढकलतो. गाडी १० ते २० लाखांची असेल तर आयोगाची फी ४०० रुपये, तक्रार करायची मुदत २ वर्षं. आणि दुरुस्तीनंतर ‘समाधानी’वर सही करण्याआधी वर्कशॉपच्या दारातच चार वेळा रिव्हर्स टाकून बघा.