अमेरिकेत पीएचं शिक्षण घेणाऱ्या मुलीने शिष्यवृत्ती, स्पर्धा आणि संघटनेची पदं यांतलं नक्की कशामागे लागावं?

तुम्ही लिहिलंय की लेकीला न्यू जर्सीत फिजिशियन असिस्टंटच्या, म्हणजे डॉक्टरांच्या जोडीने रुग्ण तपासणाऱ्या पीएच्या, प्रोग्रॅमला प्रवेश मिळालाय, फीचा आकडा बघून धस्स झालंय, आणि तिच्या मैत्रिणी शिष्यवृत्त्या, क्विझ, निवडणुका असं सगळं एकदम सांगताहेत. मी इथेच पीए आहे, फॅमिली मेडिसिनमध्ये काम करते आणि रोटेशनला, म्हणजे दवाखान्यातल्या प्रत्यक्ष कामाच्या पाळीला, येणाऱ्या मुलामुलींना शिकवते. माझं मत सरळ सांगते: तिची सगळ्यात जास्त मेहनत एकाच अर्जावर खर्च व्हावी, आणि बाकीच्यातलं तिने एकच काहीतरी निवडावं.

तो अर्ज म्हणजे नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोरची शिष्यवृत्ती. ही अमेरिकेच्या केंद्र सरकारची योजना. शिकवणी फी, इतर शैक्षणिक खर्च आणि वर दरमहा हातखर्च मिळतो. मोबदल्यात, डॉक्टरांचा तुटवडा असल्याचं सरकारने ठरवलेल्या भागात किमान दोन वर्षं प्राथमिक आरोग्यसेवेचं काम करायचं. पहिलं सेमिस्टर सुरू व्हायची वाट बघायला नको, प्रवेश पक्का असला तरी अर्ज करता येतो. मात्र अमेरिकन नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डवर चालत नाही. तुमची लेक इथेच जन्मली असेल तर प्रश्न नाही.

एक गोष्ट घरी बसून नीट बोला. करार मोडला तर तिप्पट रक्कम व्याजासकट अंगावर येते. तिला मनातून ऑर्थोपेडिक्स किंवा त्वचारोगात जायचं असेल, तर फुकट शिक्षणाच्या मोहाने सही करू देऊ नका. नंतर प्राथमिक सेवेत रमलीच, तर हीच संस्था काम करणाऱ्या पीएंचं कर्ज फेडायलाही मदत करते. तो दरवाजा उघडा राहतो. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज बंद, आणि बऱ्याच खासगी प्रोग्रॅमची फी एक लाख डॉलरच्या वर जाते. त्यामुळे या हिशेबाला आता आणखी वजन आलंय.

छोट्या रकमांसाठी पीए फाउंडेशन आणि राज्याची पीए संघटना बघा. बहुतेक ठिकाणी सभासद असावं लागतं, म्हणून तेवढं पहिल्याच महिन्यात उरकून टाकायचं.

निबंधाबद्दल मात्र कळकळीने सांगते. "मला लहानपणापासून सेवेची आवड आहे" हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं. माझ्या एका विद्यार्थिनीने मोफत दवाखान्यातल्या एका आजींबद्दल लिहिलं होतं. आजींचा एकादशीचा उपास, पण मधुमेहाची गोळी मात्र नेमाने घेतलेली. दुपारी साखर उतरून हात कापायला लागले, दरदरून घाम फुटला. माझी विद्यार्थिनी मराठीत बोलली म्हणून उपासाचा उलगडा झाला, आणि मग उपासाच्या दिवशी कुठली गोळी घ्यायची, कुठली नाही, हे तिने डॉक्टरांना विचारून मोठ्या अक्षरात लिहून दिलं. तेवढ्या एका प्रसंगातून ती कशी काम करेल ते दिसतं. तुमच्या लेकीकडेही असं काही असणार, तेच लिहू द्या.

स्पर्धांमध्ये दोन नावं कानावर येतील. पीएंच्या राष्ट्रीय संघटनेच्या वार्षिक अधिवेशनात चॅलेंज बोल होतो, कॉलेजांचे संघ बझर दाबून वैद्यकीय प्रश्नांची उत्तरं देतात. मजा येते, उजळणी होते. पण मला विचाराल तर आयस्कॅन जास्त मोलाची, कारण ती अल्ट्रासाउंडची आहे. हातात प्रोब (अंगावर फिरवायचं उपकरण), समोर पडदा, आणि यकृत व उजव्या मूत्रपिंडाच्या मधल्या फटीत रक्त साचलंय का हे शोधायचं. प्रोब जरा तिरपा झाला की बरगडीची काळी सावली मध्ये येते. हा सराव पुढे इमर्जन्सी रूममध्ये थेट कामाला येतो.

पदांचं म्हणाल, तर बायोडेटात ओळ वाढावी म्हणून वर्गप्रतिनिधी होण्यात अर्थ नाही. जिथे मत मोजलं जातं तिथे जावं. राष्ट्रीय संघटनेच्या हाउस ऑफ डेलिगेट्समध्ये, म्हणजे धोरण ठरवणाऱ्या सभागृहात, विद्यार्थ्यांचेही प्रतिनिधी असतात. २०२१ मध्ये फिजिशियन असिस्टंटमधल्या 'असिस्टंट'च्या जागी 'असोसिएट' हे नाव याच सभागृहाने मंजूर केलं. कायद्याची, धोरणाची आवड असेल तर पीए शिक्षणसंस्थांच्या संघटनेची हेल्थ पॉलिसी फेलोशिप आहे, त्यात विद्यार्थी वॉशिंग्टनला जाऊन लोकप्रतिनिधींसमोर बाजू मांडायला शिकतात. यातलं जे घ्यायचं ते पहिल्या, वर्गातल्या वर्षात. दुसऱ्या वर्षी दर काही आठवड्यांनी रोटेशन बदलतं, आणि शेवटी ३०० प्रश्नांची पॅन्स ही पीएंची राष्ट्रीय परीक्षा असते. ती पास झाल्याशिवाय लायसन्स नाही.

अर्जासोबत शिफारसपत्रं लागतात. ज्या प्राध्यापकांनी आणि दवाखान्यातल्या वरिष्ठांनी तिला प्रत्यक्ष काम करताना पाहिलंय, त्यांना तिने आत्ताच विचारून ठेवावं. अर्ज खुले झाल्यावर सगळेच त्यांच्या दारात उभे असतात.