कोडिंगचा क्लास लावू का?

प्रश्न: आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो, मुलगा सातवीत आहे. सुट्टीत दिवसभर मोबाईलवर गेम. एक क्लासवाले म्हणतात आत्ताच पायथन ही कोडिंगची भाषा सुरू केली नाही तर मागे पडेल, फी बरीच आहे, शेवटी सर्टिफिकेट देतात. लावू का? घरी जुना लॅपटॉप आहे पण आम्हा दोघांना कोडिंगमधलं ओ की ठो कळत नाही.

उत्तर: ताई, भीती घालून फी घेणाऱ्यांकडे तर जाऊच नका, आणि सातवीतल्या पोराचं सर्टिफिकेट बघणारंय कोण? आधी घरीच स्क्रॅच ही पोरांसाठीची कोडिंगची भाषा चालू करून द्या. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबनं २००७ मध्ये आणलीय, मुख्यतः ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी, आणि फुकट आहे. कोड टाईप करायचा नाही, रंगीत ब्लॉक ओढून जोडायचे, त्यामुळे स्पेलिंग चुकलं, कंस राहिला ही कटकट नाही.

पण "बस आणि शिक" म्हणू नका, काहीतरी बनवायला सांगा. आपला नाशिक ढोल आहेच की! मोबाईलवर ढोलाचा एक ठोका, टिपरूचा एक, ताशाचा एक असं रेकॉर्ड करायचं, स्क्रॅचमध्ये टाकायचं आणि कीबोर्डच्या एकेका बटणाला एकेक आवाज जोडायचा. हे पटकन होतं (हेडफोन आधीच आणून ठेवा). खरी मजा ढोल आपोआप वाजवायला गेलं की. पोरगा आवाज सुरू करायचा 'स्टार्ट साऊंड' ब्लॉक न संपणाऱ्या लूपमध्ये (म्हणजे तेच तेच परत करणाऱ्या ब्लॉकमध्ये) टाकेल आणि नुसती घरघर ऐकू येईल, कारण ठोका पूर्ण व्हायच्या आतच कॉम्प्युटर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मग मध्ये थांबायचा ब्लॉक घालायचा, अर्धा सेकंद ठेवला तर मिनिटाला साधारण १२० ठोके, पाव केला की २४०, मिरवणूक रंगात! हाच आकडा व्हेरिएबलमध्ये (म्हणजे आकडा ठेवायच्या, हवा तेव्हा बदलता येणाऱ्या डब्यात) ठेवला की लय हवी तशी चढवता येते. लूप, व्हेरिएबल, चूक शोधणं, सगळं यात आलं, आणि कोडिंग येत नसलं तरी लय चुकलेली तुम्हाला ऐकू येणारच, तेवढी मदत पुरे.

पुढे गोदावरीत नाव चालवायचा गेम करू दे. स्क्रॅचचा पडदा ४८० बाय ३६० चा, शून्य मधोमध, म्हणजे नाव डावीकडे नेताना ऋण संख्या आपसूक येतात.

नेट नसेल तर ऑफलाईन ॲप आहे, लॅपटॉपवर विंडोज १० किंवा त्यापुढचं लागेल. पायथन नंतर, ब्लॉक अपुरे पडतात असं तोच म्हणायला लागला की, पायथनमध्ये टर्टल नावाचं चित्रं काढायचं साधन असतं, त्यानं चित्रं काढत सुरुवात होते. आणि तेव्हा क्लास लावायचाच झाला तर फी विचारायच्या आधी तिथल्या पोरांनी स्वतः काय बनवलंय ते दाखवायला सांगा.